यंदाची करडं

ठिपकी गेली ती भर दुपारी. सकाळपासून कळा देत होती, पण पोटातलं पिल्लू काही केल्या बाहेर येत नव्हतं. सूनबाईनं हात कोपरापर्यंत साबणानं धुतला, तेल लावलं आणि आत घालून चाचपून पाहिलं. डोकं मोठं होतं, वाट अरुंद होती. गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला तर त्या दूर कुठंतरी एका अडलेल्या गाईपाशी होत्या. त्या पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेळीही गेली आणि पिल्लूही.

"ही अजून व्यायच्या वयाची नव्हती," गुडघ्यावर बसून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतक्या लहान पाटीला, कोवळ्या शेळीला, बोकडाजवळ जाऊच कसं दिलंत?"

सूनबाईच्या गोठ्यात तर बोकड नव्हताच. शेळ्या भरवायची वेळ आली की ती त्यांना पलीकडच्या मळ्यातल्या बोकडाकडे नेऊन आणायची. घरात जन्मलेले नर दूध तुटायच्या आतच खच्ची व्हायचे. ते काम तिचे सासरे, आबा, करायचे. कित्येक वर्षं तेच करत आले होते, घरच्या करडांचंही आणि आजूबाजूच्या लोकांच्या करडांचंही.

तिचं नाव सूनबाई नव्हतं, पण आता तिला सगळे तेच म्हणत. आबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगणातून "सूनबाई" अशी हाक ठोकत, ती दोन शेतं ओलांडून जाई, आणि मग दूधवाला, सुतार, डॉक्टरीणबाई, सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. नवरासुद्धा थट्टेच्या लहरीत असला की तिला "काय सूनबाई" म्हणे.

ठिपकीला पुरून आल्यावर तिनं हात धुतले नाहीत. तशीच गोठ्यात गेली आणि फौजदाराला कोपऱ्यात गाठलं. फौजदार म्हणजे ठिपकीच्याच बरोबरीचा नर, दुसऱ्या शेळीचा. छाती काढून चालायचा म्हणून हे नाव. आबांनी त्याला खच्ची केलं होतं. निदान तसं त्यांनी सांगितलं होतं. तिनं त्याला भिंतीशी दाबून धरलं आणि मागून हात घातला. एका बाजूला वाळलेल्या शेंगदाण्याएवढी गाठ लागली. दुसऱ्या बाजूचं अंड चांगलं भरलेलं, टणक, जिवंत होतं.

"असं होय," ती त्याला म्हणाली. फौजदारानं तिच्या पदराचं टोक चघळायला घेतलं.

आबा ओसरीवर बसले होते. तिनं त्यांना सरळ सांगितलं, की फौजदाराची एक बाजू राहून गेली आहे.

"माझ्या हातचं काम आजवर फसलेलं नाही," आबा म्हणाले.

"या खेपेला फसलंय. या, बघा हात लावून."

"मला शिकवू नकोस. पलीकडच्या मळ्यातला बोकड कुंपण तोडून आला असेल."

"कुंपण धड आहे, आबा."

आबांनी मान फिरवली. तिनं चहा आणून दिला. त्यांनी कप उचलला, तो हातात डुचमळला, थोडा बशीत सांडला, आणि त्यांनी तो घाईघाईनं दोन्ही हातांत धरून मांडीवर टेकवला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की गेले कित्येक महिने आपण यांना अर्धाच कप चहा देतोय. कुणी तसं सांगितलं नव्हतं. हातालाच कळत गेलं होतं, आणि डोक्यानं मात्र कधी विचारलं नव्हतं का म्हणून.

तरीही तिला आशा होती की दोष चिमट्याचा निघेल. तो लोखंडी चिमटा गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असे. लांब दांड्यांचा, जाड जबड्यांचा. त्यानं कातडी कापली जात नाही, आतली नस तेवढी चिरडते. रक्ताचा थेंब येत नाही, आणि नस तुटली की अंड आपोआप सुकत जातं. त्याची पारख कशी करायची हे तिनं आबांकडूनच ऐकलं होतं. कागदाच्या दोन तुकड्यांमध्ये सुतळी ठेवायची आणि चिमटा दाबायचा. सुतळी तुटली पाहिजे आणि कागद शाबूत राहिला पाहिजे. चिमटा झिजला असेल तर किती बरं होईल, असं मनाशी म्हणत तिनं तो खाली काढला, कागद आणला, सुतळी ठेवली आणि दांडे एकमेकांवर आणले. कडक् असा बारीक आवाज झाला. कागदावर नुसता वळ उठला होता आणि आतली सुतळी दुभंगली होती. तिनं परत करून पाहिलं. परत तसंच.

मागे वळली तर दारात आबा उभे होते. त्यांनी खाली पडलेले सुतळीचे तुकडे पाहिले.

"चिमटा चांगला आहे," ती म्हणाली.

आबांनी पायानं ते तुकडे बाजूला सारले.

"यंदाचे चार नर आहेत. महिनाभरात ते माद्यांच्या मागे लागतील. यंदा मी करणार."

"बाईमाणसाचं काम नाही ते."

"शेळीच्या पोटात हात घालायचं बाईमाणसाचं, मेलेलं पिल्लू ओढून काढायचं बाईमाणसाचं, आणि हे तेवढं नाही?"

"जमायचं नाही तुला. नस बोटात यावी लागते. मला यायला दोन वर्षं लागली."

"मग मी आजपासून लागते," ती म्हणाली आणि चिमटा खुंटीला परत न टांगता घरात घेऊन गेली. आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत, आणि तिनंही मिनतवाऱ्या केल्या नाहीत. ताट झाकून ठेवलं.

नवरा बेकरीत कामाला होता. पहाटेआधी जायचा, पिठानं माखून दुपारी यायचा आणि आडवा व्हायचा. माणूस दिलदार, पण या एका विषयात अगदीच कुचकामी. लहानपणी आबांनी त्याला एकदा धरायला बसवलं होतं, तेव्हा करडाच्या आधी हाच आडवा झाला होता. आता बायकोनं विषय काढताच त्यानं पाय पोटाशी घेतले.

"तुम्ही दोघं काय ते बघून घ्या," तो उशीत तोंड घालून म्हणाला. "मला यात ओढू नकोस."

"धरायला माणूस लागेल."

"सुताराला सांग."

"सुतार कुंपणाचं काम करतोय. माद्यांना वेगळं ठेवायला मध्ये आडोसा घालून घेतेय मी. धरायला तुम्हीच. डोळे मिटून धरलंत तरी चालेल."

"आणि आबा काय म्हणतात?"

"आबा माझ्याशी बोलत नाहीत."

नवऱ्यानं एक डोळा उघडला. "मग तू आणखी काय काय करणार आहेस, तेही सांगून टाक."

ती सरावाला बसली. जुन्या लोकरी मोज्यात कापूस भरला, त्यात दोन उकडलेले बटाटे सोडले आणि प्रत्येकाला तेल लावलेली जाड दोरी बांधून वर आणली. डोळे मिटून मोज्यावरून दोरी शोधायची, बोटांनी कडेला सरकवायची, तिथं अंगठ्यानं धरून ठेवायची आणि मग चिमटा लावायचा. दोरी निसटायची. फार निसटायची. सुतार आडोशाच्या फळ्या ठोकता ठोकता हे बघत होता.

"वहिनी, बटाट्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही फळी सरळ ठोका," ती म्हणाली. सुतार हसत हसत कामाला लागला, पण त्यानंतर तो तिच्याकडे पाठ करून बसू लागला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या. सूनबाईनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की तुम्ही करून जाऊ नका, मला शिकवून जा. त्यांनाही ते हवंच होतं. एवढ्या मुलखात त्या एकट्याच होत्या आणि गाडीचं चाक कधी थांबत नव्हतं. फौजदार मोठा झाला होता म्हणून त्याला बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि त्याची राहिलेली बाजू त्यांनी तिच्याकडून करून घेतली. तिच्या हातावर त्यांचा हात होता.

"नस बाहेरच्या कडेला आणा. आणखी. पिशवीच्या मधोमध कधी दाबायचं नाही, तिथून पिशवीला रक्त जातं. दोन्ही बाजूंचे वळ एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, एक वर, एक खाली. आता दाबा. सोडू नका, मनात हळूहळू मोजा. हं."

नस तुटल्याचं तिला हातालाच जाणवलं, कच्ची शेंग मोडावी तसं. फौजदार नुसता फुरफुरला. डॉक्टरीणबाईंनी चारही करडांना धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं, दुखणं कमी करायचं औषध बाटलीत काढून दिलं, आधी किती पाजायचं ते सांगितलं आणि गाडीत बसता बसता ओसरीकडे मान वळवली.

"आबा, तुमची सून तुमच्यासारखीच हट्टी आहे बरं का."

"माझ्यासारखी कशाला," आबा म्हणाले. "मी एवढा नव्हतो."

बऱ्याच दिवसांनी ते तिच्या कानावर पडेल असं काही बोलले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला बेकरीतून आल्या आल्या झोपू दिलं नाही. करडांना औषध पाजून झालं होतं. नवरा गोठ्याच्या भिंतीला टेकून पाटावर बसला, पहिलं करडू मांडीत उताणं घेतलं, चारही पाय दोन मुठींत धरले आणि डोळे घट्ट मिटले. त्याच्या भुवयांवर अजून पीठ होतं.

पहिलं करडू शांत होतं. तिनं बोटं लावली, नस सापडली, कडेला आली, चिमटा बसला. दोन्ही बाजू झाल्या. करडू खाली सोडलं तर चार पावलं तंगडं फाकून चाललं आणि आईला लुचायला लागलं.

"झालं?" नवऱ्यानं डोळे न उघडता विचारलं.

"एक झालं."

दुसऱ्याचं नावच लबाड. हे करडू पहिल्यापासून गुबगुबीत, नसानसांत खोड्या. त्यानं धरल्या धरल्या असा टाहो फोडला की कुंपणाजवळच्या शेळ्यांनीही ओरडायला सुरुवात केली. चरबीत नस सापडेना. सापडली तर निसटे. तिनं एकदा चिमटा लावला, दाबला, आणि दाबतानाच वाटलं की आत काही तुटलं नाही. तिनं तो सोडला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. करडू विव्हळत होतं आणि नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"राहू दे ना आता," नवरा म्हणाला. "डॉक्टरीणबाई करतील पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला म्हणजे कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं चिमटा पायाशी ठेवला, बादलीत हात बुडवले, मनगटापर्यंत गार होऊ दिले आणि पदरानं कोरडे केले. ती परत चिमटा उचलणार तोच आबांची सावली दारात पडली.

ती उभी राहिली. आता हे चिमटा मागतील, असं तिला वाटलं. आपण देणार नाही, हेही तिनं ठरवून टाकलं.

आबांनी चिमटा मागितला नाही. ते मुलाजवळ गेले आणि म्हणाले, "ऊठ. तू त्याला कुशीत घेतलंयस, धरलेलं नाहीस. अशानं ते अंग चोरतं, नस वर ओढली जाते."

मुलगा आनंदानं उठला. आबा पाटावर बसले. त्यांनी लबाडाला मांडीत उताणं घेतलं, मागचे पाय पुढच्या पायांना मिळवले आणि करकचून धरले. त्यांचे हात कापत होतेच. पण मूठ पक्की होती, आणि कापणाऱ्या मुठीतूनही करडाला हलता येईना. त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. करडू हळूहळू सैल पडलं.

"थांब. त्याला श्वास घेऊ दे. आता बघ, पिशवी खाली आली. आता शोध."

तिनं शोधलं. नस बोटांखालून सरकली आणि कडेला येऊन थांबली.

"सापडली?"

"सापडली."

"खात्री आहे?"

तिनं पुन्हा चाचपलं. "आहे."

"मग कर. माझ्याकडे बघू नकोस."

तिनं दाबलं. दुसरी बाजूही केली. मग आबांनी मुलाकडे न बघता हात पुढे केला आणि मुलानं तिसरं करडू त्यांच्या हातात दिलं. चौथं झालं तेव्हा उन्हं कलायला लागली होती. नवरा बादल्या उचलून आत गेला आणि बसल्या जागी झोपला.

इथवर सगळं गोड होतं. सुतारानं बघून मान डोलावली, डॉक्टरीणबाईंनी फोनवर शाबासकी दिली. करडांच्या पिशव्या थोड्या सुजल्या आणि ओसरल्या. तिनं मात्र आडोसा काढला नाही. नर एकीकडे आणि माद्या एकीकडे, असंच ठेवलं. काही आठवड्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर, तिनं एकेकाला धरून हात लावायला सुरुवात केली. पहिल्याच्या दोन्ही गाठी सुकलेल्या. तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्याही. लबाडाची उजवी बाजू सुकली होती. डावी होती तशीच होती.

तिनं परत बघितलं. मग गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली.  कुणाला काहीच सांगायचं नाही, आडोसा तसाच ठेवायचा आणि लबाड लवकर विकून टाकायचा, हाही मार्ग होता. तो तिच्या मनात येऊन गेला, आणि आबांच्याही मनात असाच येऊन गेला असेल, हे तिला तेव्हा कळलं.

दुपारी तिघं जेवायला बसले. तिनं वाढता वाढता सांगितलं.

"लबाडाची डावी बाजू फसलीय. माझ्या हातून राहिली. परत करायला लागणार."

नवऱ्यानं घास खाली ठेवला. "परत?"

"परत."

आबा जेवत राहिले.  मग मान वर न करता म्हणाले, "फौजदाराच्या वेळी मला कळलं होतं."

तिनं हातातला डाव खाली ठेवला.

"नस निसटली होती. बोटांना समजतं ते. मी म्हटलं, उद्या परत बघू. मग उद्याही हात तसाच. मग म्हटलं, तुटली असेल."

नवरा कधी बापाकडे, कधी बायकोकडे बघत होता. त्याला वाटलं ती आता म्हणेल, जाऊ द्या आबा. तिलाही ते म्हणता आलं असतं.

"त्याच दिवशी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी माद्या वेगळ्या ठेवल्या असत्या."

"हो," आबा म्हणाले. "सांगायला हवं होतं." त्यांनी पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलला, या वेळी न लपवता, आणि पाणी छातीवर सांडलं तरी पिऊन खाली ठेवला. "लबाडाला उद्या सकाळी घेऊ. ऊन चढायच्या आत. त्याला आज रात्री फार खायला घालू नकोस."

सकाळी आबा तिच्या आधी गोठ्यात होते. पाट मांडलेला, बादली भरलेली. औषध पाजून ठरलेली वेळ गेल्यावर त्यांनी लबाडाला मांडीत घेतलं. तो आता चांगलाच वजनदार झाला होता आणि काय होणार हे ओळखून त्यानं आबांच्या हनुवटीवर डोकं आपटलं. आबांनी एक शिवी हासडली, पण पकड सोडली नाही. तिनं घाई केली नाही. नस सापडली, निसटली, सापडली, परत निसटली. आबांनी पकड तेवढी सांभाळली. शेवटी ती कडेला येऊन बोटांत बसली तेव्हा तिनंच सांगितलं, "आता आहे." चिमटा मिटला. आत काहीतरी मोडलं, ते दोघांनाही जाणवलं. तिनं तिथंच थोडं खाली आणखी एकदा दाबलं, पक्कं व्हावं म्हणून, आणि मग बोटांनी चाचपून तुटलेल्या नसेमधली फट आबांच्या बोटाला लावून दाखवली.

"तुटली," आबा म्हणाले.

यंदा एकही पाट वेळेआधी गाभण राहिली नाही. लबाडाची डावी बाजूही सुकत गेली, फौजदार चरून चरून गोल झाला, आणि आडोशाच्या फळ्या तिनं काढल्या नाहीत त्या नाहीतच. त्यांचा उपयोग आता कायमचाच होता.

एका संध्याकाळी सुतार आला. त्याच्या बहिणीकडं शेळ्या होत्या, करडं झाली होती, नर जास्त होते. तो ओसरीपाशी उभा राहिला आणि नेहमीसारखा आबांना म्हणाला, "आबा, येता का तिकडं? बहीण कधीची मागे लागलीय."

"मी धरायला येईन," आबा म्हणाले. "करायचं ती करते. तिला विचार."

सुतारानं मान वळवली. सूनबाई अंगणात चारा तोडत होती.

"वहिनी?"

"किती वयाची आहेत?" तिनं विचारलं.

"अजून दूध पितात."

"मग परवा सकाळी येऊ. बहिणीला सांगा, डॉक्टरीणबाईंकडून धनुर्वाताचं इंजेक्शन आधी देऊन घ्यायचं. आणि नंतर महिन्याभरानं मी परत येऊन हात लावून बघणार, तेव्हा करडं विकलेली नकोत."

"परत कशाला? एकदा केलं की झालं ना?"

आबा ओसरीवरून ओरडले, "ती म्हणतेय ना परत येणार, मग परत येणार. तू हो म्हण आणि जा घरी."